समुद्राच्या लेकींचं माहेरपण

कृतयुगातली गोष्ट आहे. देव तेव्हा हाक मारली की यायचे, आणि ऋषींचा राग नुसता डोळ्यांत नाही, थेट ओंजळीतल्या पाण्यात उतरायचा. त्या काळी पश्चिम समुद्राच्या काठावर शंखपट्टण नावाचं एक नगर होतं. आणि नगर म्हणजे काय नगर! पाठीशी सह्याद्रीची निळी भिंत, पुढ्यात वरुणदेवाचं अफाट, अथांग, सतत काहीतरी बोलत असलेलं पाणी, आणि डोंगरातून उतरून या पाण्यात मिसळणारी कुंडिका नदी. नदी जिथं समुद्राला भेटायची तिथं रुंद खाडी होती. खाडीच्या दोन्ही अंगांना तिवरांचं असं दाट बन, की त्यांची मुळं चिखलातून बोटं वर काढून उभी असायची आणि त्या बोटांच्या फटींतून खेकडे, निवट्या, कोळंबीची पिल्लं लपाछपी खेळायची.

या नगराचा राजा सुवेल. देखणा, दमदार, उदार, आणि स्वतःवर भयंकर विश्वास असलेला माणूस. सिंहासनापेक्षा होडीत जास्त बसणारा. त्याच्या तरुणपणी एका वर्षी होड्या सारख्या रिकाम्या परत आल्या. किनाऱ्यावर बायका टोपल्या घेऊन उभ्या, पोरं रडतायत, आणि राजा असून आपण काहीच करू शकत नाही, हे सुवेलच्या मनाला असं लागलं की तो तसाच उठला, मुकुट राणीच्या हातात दिला आणि म्हणाला, "चारुमती, नगर सांभाळ. मी वरुणाला भेटून येतो."

राणीनं विचारलं, "अहो, भेटून येतो म्हणजे? तो काय शेजारी राहतो?"

"हो," सुवेल म्हणाला. "शेजारीच तर राहतो!"

आणि गळ्याएवढ्या पाण्यात उभं राहून त्यानं तप सुरू केलं. लाटा तोंडावर आपटल्या, हलला नाही. शंखांनी पायांवर घरं केली, हलला नाही. दाढीत शेवाळ वाढलं, त्यात छोटे मासे मुक्कामाला आले, तरी गडी हलला नाही. शेवटी पाणी दुभंगलं आणि पश्चिम दिशेचा स्वामी, हातात पाश धरलेला, मकरावर आरूढ झालेला, ज्याच्या मुकुटातल्या मोत्यांच्या उजेडानं तळापर्यंतचं सगळं दिसावं असा तो जलाधिपती वरुण प्रकट झाला.

"राजा सुवेला, तुझ्या तपानं मी प्रसन्न झालो आहे. माग, काय हवं ते माग."

"देवा, माझ्या राज्यातलं जाळं पाण्यात पडलं की पुन्हा कधीही रिकामं वर येऊ नये."

वरुण थांबला. देव वर देताना सहसा थांबत नाहीत, पण हा थांबला. "विचार करून मागतोयस ना?"

"देवा, इतकी वर्षं पाण्यात उभा राहून मी दुसरं केलंय तरी काय?"

"तथास्तु," वरुण म्हणाला, आणि पाणी मिटलं.

मग काय विचारता! शंखपट्टणात नुसती धमाल. जाळं टाकायचा अवकाश, रावस, सुरमई, पापलेट, हलवा, कोळंबी, सगळी मंडळी आमंत्रण असल्यासारखी हजर. पूर्वी चैत्र-वैशाखात बायका दोऱ्यांवर बोंबील सुकवायच्या, पावसाळ्याची बेगमी करायच्या. ते बंद झालं. रोज ताजं मिळतंय तर सुकवत कोण बसेल? पूर्वी आषाढात समुद्र खवळला की होड्या वर ओढून ठेवायच्या. तेही बंद झालं. बाहेर जाता येत नाही ना, मग खाडीच्या तोंडाशी लावा जाळी! जाळ्यांना खांब हवेत, मग तोडा तिवरं! राजाचा जालपती, म्हणजे सगळ्या जाळ्यांवरचा मुख्य अधिकारी, दृढमुष्टी नावाचा एक आडदांड गृहस्थ होता. तो मिशांना पीळ देत सांगायचा, "महाराज, आषाढातली मासळी म्हणजे काय सांगू! प्रत्येकीच्या पोटात गाबोळी. एक मासा धरला की ताटात दोन पदार्थ!" आणि राजवाड्यात खरोखरच माशांच्या अंड्यांच्या त्या गाबोळीशिवाय पंगत उठत नसे.

वर्षं गेली. मासे हळूहळू छोटे व्हायला लागले. मग विचित्र दिसायला लागले. पण जाळं मात्र कधी रिकामं आलं नाही, वराचा शब्द म्हणजे शब्द. कधी बोटाएवढी पिल्लं, कधी बुळबुळीत पांढरे गोळे, कधी मोडलेली पोवळी. सुवेल रोज विचारायचा, "जाळी भरली?" आणि दृढमुष्टी रोज सांगायचा, "काठोकाठ, महाराज!" कशानं भरली, हे एकानं विचारलं नाही, दुसऱ्यानं सांगितलं नाही.

अशात राजाची एकुलती एक लेक शुक्तिमती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. आता तिला आणायचा थाट ऐका. पालखीला धक्का बसू नये म्हणून राजानं डोंगरवाटेवरचा दगड न् दगड वेचायला लावला. वाटेतल्या गावांना सांगून ठेवलं, ढोल वाजवायचा नाही, कुत्रं भुंकू द्यायचं नाही. वेशीपाशी तो स्वतः उभा. पालखी आत आली आणि त्यानं वेशीचं दार स्वतःच्या हातांनी लावलं. "आता माझी लेक आत आहे," तो पहारेकऱ्यांना म्हणाला, "हत्यार घेतलेला एकही माणूस या दारातून आत येता कामा नये."

शुक्ती हसली. "बाबा, मी बाळंतपणाला आलेय, युद्धाला नाही."

"तुला नाही कळायचं. तू आधी बस बघू."

ज्येष्ठ संपत आला होता, पण आकाशात ढगाचा ठिपकासुद्धा नव्हता. लोक मानेला रग लागेपर्यंत वर बघत होते. तरी राजानं डोहाळजेवणाचा घाट घातलाच, तोही खाडीच्या काठावर, मांडव घालून. शुक्तीच्या ताटाला गाबोळी हवी म्हणून दृढमुष्टीनं पहाटेच खाडीच्या तोंडाला सगळ्यात मोठं जाळं लावलं होतं. दुपारी ते ओढायला सुरुवात झाली. जाळं इतकं जड, इतकं जड, की शेवटी रेडे जुंपावे लागले.

"बघितलंत महाराज?" दृढमुष्टी घाम पुसत ओरडला. "याला म्हणतात वर!"

जाळं वाळूवर आलं, उघडलं. आत चिखल होता. काळा, कुजका, नाकाला पदर लावावा असा चिखल, त्यात पोवळ्यांचे तुकडे, तिवरांची मेलेली मुळं. आणि मधोमध एक घोळ मासा. माणसाएवढी मादी, पोट फुगून टम्म झालेलं, कल्ले उघडत-मिटत पडलेली. सुवेलनं त्या चिखलाकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच त्याला दृढमुष्टीला नवा प्रश्न विचारावासा वाटला. पण विचारणार तेवढ्यात मागून अशी आरोळी आली की मांडवाच्या तोरणातली पानं गळली.

"वरुणा! अरे ए जलाधिपते! बाहेर निघ!"

डोंगर उतरून महर्षी तृणपाद आले होते. कुंडिकेच्या उगमाशी त्यांचा आश्रम. काय तो आश्रम! जिथं वाघ गाईच्या पाठीला पाठ लावून झोपायचा, जिथं मोरांना सामवेद पाठ होता, जिथल्या आंब्यांना विचारूनच कोकिळा बसायच्या. मुनींनी जन्मात कधी समुद्र पाहिला नव्हता. पाऊस म्हणजे आपल्या डोंगराचा, नदी म्हणजे आपल्या झऱ्याची, समुद्राशी आपलं काय देणंघेणं, असं त्यांचं ठाम मत. पण यंदा झरा आटला, गाई हंबरून थकल्या, मोर ऋचा विसरले, तेव्हा त्यांनी ध्यान लावून पाहिलं आणि त्यांना कळलं की ढग डोंगरावर उगवत नाहीत. ढग म्हणजे वरुणाचा श्वास. आणि वरुण श्वास सोडत नाहीये. झालं, मुनी तरातरा निघाले.

आता शाप द्यायचा तर ओंजळीत पाणी लागतं. आणि कमंडलू तर कोरडा ठणठणीत. मुनींनी तो दोनदा झटकला, मग तसेच लाटांत शिरले, तिथलंच पाणी ओंजळीत घेतलं आणि नाक मुरडलं, कारण त्याला वास येत होता. तरी मंत्र म्हटला आणि गर्जना केली, "जगाचा श्वास कोंडून ठेवणाऱ्या वरुणा, ऐक! तुझं पाणी आटेल. तुझ्या तळाला भेगा पडतील. आणि जिथं तुझ्या लाटा नाचल्या, तिथं उंट चरतील!"

आता फक्त पाणी सोडायचं बाकी होतं. तेवढ्यात लाटा बाजूला झाल्या आणि वरुण वर आला. सुवेलनं त्याला पाहिलं आणि डोळे चोळून पुन्हा पाहिलं. हाच तो? मुकुटात एक मोती नाही. अंगाला शेवाळाचे चट्टे. आणि तो दिमाखदार मकर, त्याच्या तर बरगड्या मोजून घ्याव्यात.

"द्या, मुनिवर," वरुण म्हणाला. "सोडा पाणी. मी सुटेन तरी."

तृणपाद गडबडले. शाप मागणारा देव त्यांना पहिल्यांदाच भेटत होता. "म्हणजे? तू गयावया नाही करणार?"

"कशाला? या राजाला मी वर दिलाय. याचं जाळं पडलं की मला ते भरून द्यावंच लागतं. मासे होते तोवर मासे दिले. मासे संपले, पिल्लं दिली. पिल्लं संपली, तेव्हा माझी पोवळी मोडून दिली. आता तळ खरवडतोय आणि चिखल देतोय. रोज सकाळी जाळी पडतात, मुनिवर, रोज! माझ्यात श्वास सोडायला ताकद उरेल कुठून?"

सुवेल धावत पाण्यात शिरला. "देवा, मी तो वर परत देतो! आत्ता, या क्षणी!"

"राजा, वर म्हणजे काय अंगावरचं उपरणं आहे, काढलं आणि ठेवलं खुंटीवर? दिलेला वर मला परत मागता येत नाही आणि घेतलेला तुला टाकता येत नाही. तुझी प्रजा, तुझी नदी, वरच्या डोंगरावरच्या गाई, तुझ्या लेकीच्या पोटातलं बाळ, सगळे माझ्याच श्वासावर आहेत, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. मीही प्रसन्न होण्याच्या नादात होतो."

मुनी ओंजळ धरून तसेच उभे. पाणी सोडावं तर समुद्र जातो, न सोडावं तर डोंगर जातो. सगळे एकमेकांची तोंडं बघतायत. आणि या सगळ्या गोंधळात शुक्तिमती कुठं होती? ती आपलं भलंमोठं पोट सावरत वाळूवर त्या घोळीपाशी बसली होती.

"बाबा," तिनं हाक मारली, "ही इकडं कशाला आली होती?"

उत्तर दृढमुष्टीनं दिलं, तेही मोठ्या अभिमानानं. "राजकन्ये, आषाढ जवळ आला की सगळ्याच येतात! पोटुशी झाल्या की भर समुद्र सोडतात आणि खाडीत शिरतात. तिवरांच्या मुळांत पाणी शांत असतं ना, तिथं अंडी घालतात. म्हणून तर मी जाळं बरोब्बर तोंडाशी लावतो. एकही सुटत नाही!"

"म्हणजे," शुक्ती म्हणाली, "ही माहेरी आली होती."

सुवेलला डोंगरवाट आठवली, वेचलेले दगड आठवले, वेशीचं लावून घेतलेलं दार आठवलं. आपली लेक यायची म्हणून आपण कुत्रंसुद्धा भुंकू दिलं नाही, आणि या वरुणाच्या लेकी येतात तेव्हा आपण दारातच जाळं लावून बसतो. त्यानं वरुणाकडे पाहिलं. वरुण लेकी राखता न आलेल्या बापासारखा उभा होता, खाली मान घालून.

सुवेल पाण्यातून बाहेर आला. त्यानं त्या घोळीच्या पोटाखाली दोन्ही हात घातले, एका बाजूनं राणी चारुमती पुढं झाली, आणि दोघांनी मिळून तिला उथळ पाण्यात नेलं. ती आधी नुसतीच तरंगली. मग शेपूट हललं. मग ती तिवरांच्या दिशेनं अशी निघून गेली की पाण्यावर फक्त एक रेघ उरली.

"देवा," सुवेल वळून म्हणाला, आणि त्याच्या आवाजात पुन्हा तो जुना विश्वास आला, "पाण्यात पडलेलं जाळं तुला भरावं लागतं, बरोबर? मग जे पडतच नाही त्याचं काय?"

वरुणानं मान वर केली.

"तुझ्या लेकी माहेरी येतात त्या दिवसांत माझ्या राज्यातलं एकही जाळं ओलं होणार नाही. आषाढ लागायच्या आधी होड्या वर. तोडलेल्या तिवरांच्या जागी नवी तिवरं. श्रावणातल्या पौर्णिमेपर्यंत ही खाडी माझ्या राजवाड्यासारखीच, दार बंद, आत लेकी. त्या नीट बाळंत होऊ देत, पोरं मोठी होऊ देत. मग पुढं तुला चिखल द्यायची वेळच येणार नाही."

"आणि माझ्या ओंजळीचं काय?" तृणपाद कुरकुरले. "मंत्र म्हणून झालाय. हे पाणी आता कुठंतरी सोडावंच लागेल!"

"जाळ्यावर सोडा," शुक्ती म्हणाली.

मुनींनी वाळूवरच्या त्या चिखलानं माखलेल्या जाळ्यावर ओंजळ रिकामी केली आणि घोषणा केली, "माहेरपणाच्या दिवसांत जो कुणी जाळं टाकील, त्याचं जाळं भरूनच येईल. पण आलेला प्रत्येक मासा त्याच्या पुढच्या वर्षांतून, त्याच्या पोराबाळांच्या ताटांतून आलेला असेल!" मग जरा थांबून साध्या आवाजात म्हणाले, "आता कुणी प्यायला पाणी देईल का?"

पण खरी गंमत पुढंच होती. लोक कुजबुजायला लागले. तोवर खायचं काय? राणी चारुमतीनं स्पष्ट सांगितलं, "सुकं मी पुढच्या चैत्रापासून घालायला लावते. यंदा मात्र पोटाला चिमटा. नाचणी आहे, कुळीथ आहे, डोंगरात टाकळा उगवेल."

गर्दीतून एक म्हातारी फटकन बोलली, "आम्ही टाकळा खाऊ गं बाई. राजवाड्यात मात्र दारं लावून कालवण उकळेल!"

सुवेलला ते झोंबलं. त्यानं स्वतःचं जाळं, ज्यानं तो लहानपणापासून मासे धरत आला होता ते, खांद्यावर टाकलं, सगळ्यांच्या देखत राजवाड्यात नेलं आणि लेकीच्या बाळंतपणाच्या खोलीच्या दाराला तोरणासारखं बांधलं. "मला जाळं टाकायचं तर ते हिच्या दारावरून ओढून काढावं लागेल," तो म्हणाला. "बघत राहा."

जाळी उचलली गेली आणि समुद्रानं असा सुस्कारा सोडला की किनाऱ्यावरच्या माडांनी माना डोलावल्या. काही दिवसांत डोंगरावर ढग जमले, कुंडिकेला तांबडं पाणी आलं, आश्रमातले मोर पुन्हा ऋचा म्हणायला लागले. शुक्तीला मुलगा झाला. पण बाळंतपण जड गेलं. ती पांढरीफटक पडली. राजवैद्यांनी नाडी पाहिली आणि राजाला बाजूला घेऊन म्हणाले, "महाराज, अंगात रक्त नाही. ताज्या मासळीचं कालवण मिळालं असतं तर लवकर उभी राहिली असती. आता नाचणीवर काढायचं म्हणजे, बघू."

दुपारची वेळ. बाहेर पाऊस. सुवेल त्या दारात उभा. हाताच्या अंतरावर त्याचं जाळं. आणि वर तर अजून होताच! एकदा, फक्त एकदा खाडीत बुडवायचं. नक्की भरून येणार. कोण बघणार होतं? सगळं नगर घरात बसलेलं. लेक एकच आहे रे, असं त्याचं मन म्हणत होतं. त्यानं जाळ्याच्या दोऱ्यांत बोटं घातली. एक गाठ सैल केली.

"दारात कोण आहे?" आतून आवाज आला.

"मी आहे, बाळा."

"बाबा, जाळं हलतंय."

त्यानं बोटं तशीच दोऱ्यांत ठेवली. आत बाळ कुरकुरलं. शुक्ती त्याला थोपटत होती.

"ती घोळ पण कुठंतरी तिवरांत पडली असेल ना," ती म्हणाली. "माझ्यासारखीच. तिच्याही दारात कुणीतरी बाप उभा असेल." मग जरा वेळानं, "नाचणीची पेज सांगा. गरम. आणि मीठ थोडं जास्त घालायला सांगा, मीठ तरी त्या वरुणाच्याच घरचं आहे!"

सुवेल हसला, रडला, दोन्ही एकदम. त्यानं सैल केलेली गाठ पुन्हा आवळली, आधीपेक्षा घट्ट, आणि स्वतः चुलीपाशी जाऊन पेज ढवळत बसला. रोज ढवळली. आणि शुक्ती हळूहळू का होईना, उभी राहिली.

श्रावणातली पौर्णिमा आली. शुक्ती बाळाला घेऊन सासरी निघाली. राणीनं तिची ओटी भरली, खण, तांदूळ, हळदकुंकू आणि नारळ. ते बघता बघता सुवेलला काहीतरी आठवलं. त्यानं ताटातला दुसरा नारळ उचलला आणि थेट किनारा गाठला. मागं अख्खं नगर, त्यात ती फटकळ म्हातारी सगळ्यात पुढं.

"देवा," तो पाण्यात उभा राहून म्हणाला, "तुझ्या लेकी आज परत निघाल्या असतील. माहेरून रिकाम्या ओटीनं पाठवायची आमच्यात पद्धत नाही."

नारळ लाटेवर ठेवला. मग जाळी पडली. वर आली तेव्हा जड होती, पण चिखलानं नाही. चांदीसारखी कोवळी, वळवळती मासळी, बरीचशी अजून बोटाएवढीच. दृढमुष्टीनं सवयीनं टोपली पुढं केली, मग राजाकडे पाहिलं, आणि छोटी सगळी मुकाट्यानं पाण्यात परत सोडली. "पुढच्या वर्षी या," तो त्यांना म्हणाला. "मोठ्या होऊन या." आणि त्या आल्या. दर वर्षी आल्या. वरुणाच्या मुकुटात मोती परतले, मकर पुन्हा गुबगुबीत झाला, नवी तिवरं वाढून वादळाच्या लाटा अंगावर झेलायला लागली.

तेव्हापासून या किनाऱ्यावर आषाढात होड्या वर ओढतात, दोऱ्यांवर चैत्रातच बोंबील वाळतात, आणि श्रावणातल्या पौर्णिमेला समुद्राला नारळ देतात. ही कथा जो ऐकेल त्याचं जाळं भरेल, आणि जो ऐकून थांबायचं तेव्हा थांबेल, त्याच्या नातवाचंही भरेल, असं खुद्द तृणपादांनी म्हणून ठेवलंय.

आणि तो नारळ कधी नीट बघा. पाण्यात टाकला की सरळ पुढं जात नाही. थोडा जातो, लाटेवर गोल फिरतो, किनाऱ्याकडे तोंड करतो, मग पुन्हा पुढं जातो. माहेरून निघालेली लेक वळून बघते ना, अगदी तसा.